न बोलणाऱ्याची भूमिका

दिवसाचे सहा तास न बोलण्याची नोकरी करणारी बाई मिरजेत एकच होती, त्रिशला मगदूम. बाकीची माणसं कामावर बोलून दमतात आणि घरी येऊन गप्प बसतात. त्रिशला कामावर गप्प बसून दमायची, आणि घरी आल्यावरही तिच्यात बोलायचं त्राण उरायचं नाही. तिचा नवरा सुकुमार म्हणायचा, "तुझ्या कंपनीनं आमच्या वाटणीचं बोलणंसुद्धा नेलं बघ." त्यावर हसायलाही तिला कंटाळा यायचा.

त्या दुपारी ती पात्र क्रमांक एकतीस करत होती. कागदावर एवढंच लिहिलेलं: पुरुष, वय अडुसष्ट, निवृत्त ग्रंथपाल, एकटा राहतो, माणसं आवडत नाहीत. खोलीत एक खुर्ची, समोर स्टूल आणि स्टुलावर कॅमेऱ्याचा डोळा असलेलं, जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. यंत्राचं नाव सांगाती. त्रिशलाच्या गळ्याला नाण्याएवढी चिकटपट्टी लावलेली होती. काचेपलीकडे इरफान मुजावर नावाचा तिशीतला अभियंता पडद्यावरच्या रेषा बघत बसला होता.

"आज चहा उशिरा झाला वाटतं," सांगाती म्हणाला. त्याचा आवाज पन्नाशीच्या, सवडीने बोलणाऱ्या माणसाचा होता.

त्रिशलाने भूमिकेसाठी घातलेल्या शर्टाचं वरचं बटण चाचपलं. ती बघत होती जमिनीकडे, पण मान खाली घालून नव्हे. मान खाली घालणं, नखं कुरतडणं, कोपऱ्यात अंग चोरणं हे सगळं नवख्यांचं काम. खरा न बोलणारा माणूस आपल्याच नादात असतो, समोरच्याला तो मोजतच नाही.

"हाताला भाजलंय का?" सांगातीने विचारलं.

"असू दे."

बराच वेळ गेला. मग सांगातीने हलकेच विचारलं, "आजवर कुणी विचारलंच नाही का तुम्हाला?"

त्रिशलाने एक श्वास आत घेतला, तो जरासा अडखळवला, आणि म्हणाली, "विचारून काय होणार होतं? ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो." मग पात्र क्रमांक एकतीस दहा मिनिटं बोलत राहिलं, बायकोच्या आजारपणाबद्दल, न केलेल्या एका प्रवासाबद्दल. सांगाती ऐकत राहिला. काचेपलीकडून इरफानने अंगठा वर केला.

पट्टी काढताना तो म्हणाला, "ताई, तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही. बाकीचे लाजण्याचा अभिनय करतात, तुम्ही लाजता."

"लाजत नाही रे बाबा," ती म्हणाली. "मी आमच्या दादासारखी बसते."

हे तिने गमतीत सांगितलं, आणि इरफाननेही ते गमतीतच घेतलं.

या पट्टीचं थोडं सांगायला हवं. माणूस बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवतो. त्याची वर्दी मेंदू जिभेच्या आणि घशाच्या स्नायूंना आधीच देऊन ठेवतो, आणि ऐन वेळी आपण गप्प बसायचं ठरवलं तरी ते स्नायू किंचित ताणले जातातच. हा ताण विजेच्या अतिसूक्ष्म लहरींमध्ये मोजता येतो. निर्झर नावाच्या कंपनीने त्यावरून कंठपट्टी केली. पट्टीला शब्द कळत नाहीत. घशाशी एक वाक्य येऊन थांबलंय, किती वेळ थांबलंय आणि गिळलं गेलं का, एवढंच कळतं. पण तेवढंही पुष्कळ होतं. जुनी बोलकी यंत्रं एकट्या माणसाला प्रश्न विचारून विचारून हैराण करायची. सांगाती वाट बघायचा, आणि पट्टीवर वाक्य उभं राहिलेलं दिसलं की नेमका तेव्हा विचारायचा. मग अडलेलं वाक्य आपोआप बाहेर पडायचं.

त्याला हे शिकवायला न बोलणारी माणसं हवी होती. आता लाजरीबुजरी, माणूसघाणी माणसं काही जाहिरात वाचून मुलाखतीला येत नाहीत. म्हणून कंपनीने नाटकवाले घेतले. सांगली-मिरजेत हौशी नटांना तोटा नाही. तीस जण आले, सहा महिन्यांत सव्वीस गेले, कारण दिवसभर गप्प बसणं हे नटाला सोसण्यासारखं काम नाही. त्रिशला टिकली. पंचवीस वर्षं तिने स्पर्धेची नाटकं केली होती, आणि माहेरी भूपालदादा होता.

भूपाल आवटी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. मार्केटजवळच्या गल्लीत त्याचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं आणि वर राहायच्या दोन खोल्या. तो भांडखोर नव्हता, दुःखी दिसायचा असंही नाही. फक्त बोलायचा नाही. लग्नाची बोलणी दोनदा निघाली, आणि दोन्ही वेळा पाहुण्यांसमोर सोळा वर्षांची त्रिशलाच त्याच्या वतीने सगळं बोलली. दुसऱ्या वेळी पाहुणे जाताना म्हणाले की मुलगी हुशार आहे, मुलाचं काही कळलं नाही. घरात यावर खूप हसले. पुढे हसणारी माणसं एकेक करून गेली.

आई गेली तेव्हा त्रिशला प्रयोगासाठी नागपूरला होती. महिनाभर आईचं सगळं भूपालने एकट्याने केलं होतं. त्रिशला धावतपळत आली तेव्हा तो तिला एका शब्दाने बोलला नाही. रागावला नाही, रडला नाही, का आली नाहीस म्हणाला नाही. वीस वर्षं झाली, तरी ते न बोललेलं वाक्य कधीतरी आपल्यावर येऊन आदळणार या धास्तीत ती होती. त्याच्याकडे गेली की म्हणूनच ती भरभर बोलत सुटायची, त्याला जागाच ठेवायची नाही. आणि कामावर, त्याची भूमिका करताना, ते वाक्य ती स्वतःच बोलून टाकायची.

मार्चमध्ये भूपाल न्हाणीघरात घसरून पडला. खुब्याला मार बसला, पंधरा दिवस दवाखान्यात गेले. तोवर नवा नियम आला होता. साठीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला घरी सोडायचं तर सहा महिने सांगाती घरात ठेवायचा. अर्ज त्रिशलानेच भरला. खरं सांगायचं तर तिला त्यात अभिमान वाटला. आपण सहा वर्षं ज्याला शिकवलं तो आता आपल्या भावाजवळ बसणार होता. आपल्याला जे जमलं नाही ते त्याला जमेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

आठवड्याने ती दुकानात गेली. भूपाल एका काट्याची तबकडी उलटी करून बघत होता. फळीवर सांगाती होता आणि भूपालच्या गळ्याला पट्टी.

"आलीस? बस की," भूपाल म्हणाला.

"बसते. जेवलास का? सुकुमारनी वांगी दिल्यात, भरून करून आणल्यात मी. पाय कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले? जिना चढू नको म्हणाले असतील, तू काय ऐकणार आहेस." तिने डबा ठेवला.

"आज चहा उशिरा झाला वाटतं," फळीवरून आवाज आला.

त्रिशलाने चमकून फळीकडे बघितलं. तिने हे वाक्य हजारदा ऐकलं होतं, पण ते तिला उद्देशून असायचं आणि ती कुणीतरी दुसरी असायची. भूपालने उत्तर दिलं नाही. सांगाती थांबला. मग त्याने पायाचं विचारलं. भूपाल म्हणाला, "असू दे." पुन्हा बराच वेळ गेला, आणि त्या आवाजाने अगदी मायेनं विचारलं, "आजवर कुणी विचारलंच नाही का तुम्हाला?"

भूपालने तबकडी पुसली, जागेवर बसवली आणि स्क्रू आवळायला घेतला.

"हे दिवसभर असंच चालतं?" त्रिशलाने विचारलं.

"व्हय."

"मग बोल की जरा त्याच्याशी. तुझ्याच भल्यासाठी आहे ते."

त्याने बहिणीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा स्क्रूकडे. त्या बघण्यात राग नव्हता. थकवा होता, आणि तो तिला ओळखू आला, कारण रोज संध्याकाळी आरशात तोच असायचा.

जूनच्या शेवटी एकल निवास समितीचं पत्र आलं. ते भूपालच्या नावचं होतं आणि प्रत त्रिशलाला. तीन महिन्यांत या गृहस्थांनी सांगातीशी एकदाही मन मोकळं केलेलं नाही. त्याहून गंभीर बाब अशी की त्यांच्या कंठपट्टीवर अडलेल्या वाक्यांची नोंद जवळजवळ शून्य आहे. आतलं बोलणं थांबणं हे तीव्र नैराश्याचं लक्षण मानलं जातं. सबब त्यांना एकटं राहू देणं धोक्याचं असून त्यांची एकत्र निवासात सोय करण्याचा विचार आहे. म्हणणं मांडायचं असल्यास अमुक तारखेला हजर राहावं.

एकत्र निवास म्हणजे काय ते त्रिशलाने बघितलं होतं. जागा स्वच्छ होती, जेवण चांगलं होतं. सहा माणसांची एक खोली, सकाळी सामूहिक गप्पा, दुपारी खेळ, संध्याकाळी पुन्हा गप्पा. तिथे भूपाल महिनाभर जगेल असं तिला वाटेना.

ती पत्र घेऊन इरफानकडे गेली. त्याने भूपालच्या नोंदी पडद्यावर उघडल्या. एक सरळ रेषा होती, तासन् तास.

"आता ही बघा तुमची," तो म्हणाला. "एकतीस नंबरची."

तिची रेषा सतत वर उठलेली होती. गप्प बसलेल्या प्रत्येक क्षणाला घशाशी एक वाक्य तयार उभं होतं.

"असणारच," त्रिशला म्हणाली. "पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवूनच नट गप्प बसतो. नाहीतर वेळेवर बोलणार कसं?"

"आणि ही जागा. प्रत्येक वेळी तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही बोलता. सहा वर्षांत एकदाही चौथा प्रश्न लागला नाही."

ती बघत राहिली. हे तिने ठरवून केलं नव्हतं. कुणाच्याही सांगण्यावरून केलं नव्हतं. रंगमंचावर समोरचा वाक्य विसरला, अडकला, की त्याला सांभाळून घ्यायचं, हे पंचवीस वर्षांत तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. प्रेक्षकांसमोर सोबत्याला उघडं पडू द्यायचं नाही. एकदा तर तिने दुसऱ्या पात्राचं मरणसुद्धा आपल्या संवादात उरकून टाकलं होतं, कारण तो नट विंगेतून आलाच नाही. समोरचं यंत्र दोनदा विचारून गप्प झालं की तिला त्याची दया यायची, आणि तिसऱ्याला ती हात द्यायची. यंत्राला सांभाळून घेण्याची चूक नाटकवाल्याशिवाय दुसरं कोण करणार?

"म्हणजे तो हे शिकला," ती सावकाश म्हणाली, "की प्रत्येक गप्प माणसाच्या पोटात काहीतरी असतं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की ते बाहेर येतं."

"आणि ज्याच्या पोटात नाही तो आजारी," इरफान म्हणाला. "इतर तिघांचे नमुने आम्ही कमी धरलेत, ताई. सगळा भर तुमच्यावर आहे. सर्वांत खरे तुमचे वाटायचे."

"माझा भाऊ आजारी आहे का?"

"मी डॉक्टर नाही. पण नैराश्याची रेषा मी बघितली आहे. ती पण सपाट असते, पण झोप मोडते, जेवण तुटतं, हात संथ होतात. सांगातीच्या कॅमेऱ्याच्या नोंदींत तुमच्या भावाची झोप सात तासांची आहे. स्क्रू आवळताना हात एकदाही चुकत नाही. मला वाटतं, ते नुसते गप्प आहेत."

नुसता गप्प. त्रिशलाला यावर आनंद व्हायला हवा होता, पण तिला आधी रिकामंच वाटलं. वीस वर्षं ज्या वाक्याला ती भीत होती ते त्याच्या गळ्यात नव्हतंच. का नव्हतं, हे त्या रेषेला सांगता येत नव्हतं. त्याने क्षमा केली होती, की त्याला तिचं इतकंही वाटत नव्हतं, कुणास ठाऊक. तिला ती सरळ रेषा बघवेना.

"हे समितीला पटवायचं कसं?"

इरफान चष्मा पुसत बसला. "तुम्ही लिहून द्यायचं, की तुमचे नमुने म्हणजे गप्प माणूस नाही, गप्प बसलेला नट आहे. तसं दिलंत तर ते सगळे मागे घ्यावे लागतील. सहा वर्षांचे. त्यानंतर इथं तुमचं काम राहील असं मला वाटत नाही. माझंही कठीणच आहे."

ती घरी आली आणि दोन दिवस तिने काहीच केलं नाही. पंचवीस वर्षांच्या नाटकांचं काय उरलं होतं? बक्षिसाच्या चार ढाली, पिवळे पडलेले फोटो, आणि शेवटी ही एक भूमिका, जी देशभरच्या घरांमध्ये रोज काम करत होती. तिच्या हयातीत तिच्या अभिनयाला कुणी इतकं खरं मानलं नव्हतं. तो अभिनय खोटा होता, असं तिनेच सही करून द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दीड पान लिहिलं, पुन्हा वाचलं नाही आणि पाठवून दिलं.

समितीची खोली लहान होती. अध्यक्ष डॉ. संजीवनी पोतनीस साठीच्या आसपासच्या, आवाज चढवावा न लागणाऱ्या बाई होत्या. त्यांनी त्रिशलाचं निवेदन वाचलं होतं, इरफानची साक्ष ऐकली.

"नमुने चुकीचे, हे मी मान्य करते," त्या म्हणाल्या. "पण यंत्र चुकलं म्हणजे हे गृहस्थ ठीक आहेत, असं होत नाही. ते त्यांनी स्वतः सांगावं. मगदूमबाई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तुम्ही त्यांच्यासाठी उत्तर दिलंत, तर ते एकटे राहू शकत नाहीत असंच मी लिहीन. समजलं?"

"समजलं," त्रिशला म्हणाली.

"आवटी, तुम्ही पुन्हा पडलात तर काय कराल?"

भूपाल टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्रिशलाला उत्तर माहीत होतं. म्हणजे काय द्यायला हवं ते माहीत होतं: बहिणीचा नंबर, शेजारी, गळ्यात बटण घालतो, काळजी करू नका. हे सगळं नीट ओळीने तिच्या जिभेवर आलं. एक मिनिट गेलं. खोलीतला कारकून खुर्चीत चुळबुळला. डॉक्टरबाई थांबून होत्या, पण त्यांचं पेन कागदाजवळ आलं होतं. त्रिशलाने दोन्ही हात मांडीखाली घातले. एखाद्या नटाला भर प्रयोगात सोडून द्यावं तसं तिला होत होतं, आणि हा नट नव्हता, तिचा भाऊ होता. त्याचं घर जात होतं. नुसतं 'दादा' म्हटलं असतं तरी तो सुटला असता, असं तिला वाटत होतं. ती गप्प राहिली. सहा वर्षांत केलेलं सगळं गप्प बसणं एकीकडे आणि हे एकीकडे. पावणेतीन मिनिटं झाली, असं इरफानने नंतर सांगितलं.

"मालनबाई वर येईल," भूपाल म्हणाला.

"कोण मालनबाई?"

"दुकानासमोर भाजी विकती. रोज नवाला तिचा काटा मी तपासून देतो. नवाला शटर उघडलं न्हाई तर ती वर येती. गेल्या टायमाला तीच आली हुती." तो थांबला. "किल्ली हाय तिच्याकडं."

त्रिशलाला हे माहीत नव्हतं. त्याला दवाखान्यात कुणी नेलं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. रुग्णवाहिकेनं, एवढंच ती धरून चालली होती.

"दिवसभर कुणाशी बोलता?"

पुन्हा वेळ गेला, पण या वेळी कमी. "काटा घेऊन येतात त्यांच्याशी. काट्याचं."

"सांगावंसं वाटतं, पण सांगता येत नाही, असं काही मनात साठतं का?"

भूपालने या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. विचार करताना त्याची भिवई वर गेली. "न्हाई," तो म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की बाईंना एवढं पुरणार नाही, म्हणून पुढे म्हणाला, "साठलं तर सांगीन की."

डॉ. पोतनीसांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं होतं. निर्णय आठवड्याने लेखी आला. भूपाल आवटी यांना त्यांच्या राहत्या घरी राहण्यास हरकत नाही, यंत्र परत घ्यावं, भाजीविक्रेत्या बाईंचं नाव संपर्कात नोंदवावं.

त्याच आठवड्यात निर्झरने त्रिशलाचे सगळे नमुने मागे घेतले आणि तिचं कामही संपलं. सहा वर्षं एका दुपारीच पुसली गेली. इरफानने फोन करून सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि पलंगावर आडवी झाली. तिला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त, आता उद्या कुणाच्याही वतीने गप्प बसायचं नाही याचा विसावा वाटत होता.

शनिवारी दुपारी ती दुकानात गेली. फळीवर सांगातीच्या जागी पितळी वजनं मांडून ठेवलेली होती. गिऱ्हाईक नव्हतं. ती बसली, इरफानचं सांगितलं, सुकुमारच्या गुडघ्याचं सांगितलं, वाणसामान महागल्याचं सांगितलं. भूपाल ऐकत होता. मग तो म्हणाला, "माझं सोंग करायचीस म्हणं."

त्रिशलाचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"त्या मुजावरनं. समितीच्या भाईर." तो रागावलेला दिसत नव्हता. "कसं करायचीस? करून दाखव."

"कशाला दादा."

"दाखव की."

तो स्वतःच्या स्टुलावरून उठला आणि ते तिच्यापुढे सरकवलं. ती नाइलाजाने बसली. शर्टाचं बटण चाचपायला तिच्याकडे शर्ट नव्हता, म्हणून तिने पदराचं टोक धरलं, हातात एक स्क्रू घेतला आणि त्या स्क्रूकडे बघत राहिली. भूपालने तिला एकदा नीट न्याहाळलं. मग तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, तिची पर्स त्याने मांडीवर घेतली आणि एका दमात सुरू झाला.

"दादा, जेवलास का? काय केलतंस? भात? नुसता भात खाऊ नको. पाय दुखतोय का, दुखत असणारच, तू काय सांगणार हाईस. सुकुमार म्हणत हुते दादाला घिऊन ये, मी म्हटलं दादा कुठला येतोय. मालिश करतोस का? न्हाई करत. असू दे, मी तेल आणते."

एकामागून एक प्रश्न होते, आणि उत्तरंही त्यानेच दिली होती. तिचा आवाज काढला नव्हता. लय मात्र तिचीच होती, मानेचा झटका तिचा होता. साठीच्या माणसाने पर्सचा पट्टा दोन बोटांत फिरवत हे करावं, याचं तिला हसू आलं. मग ते हसू थांबलं. ती आता त्याच्या जागी बसलेली होती, आणि तिला दिसत होतं की या बाईला काही सांगायला वेळच सापडत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घशाशी येईतो तिसरा प्रश्न संपत होता. तिने सांगायचा प्रयत्नही केला नाही. थोड्या वेळाने घशाशी यायचंच थांबलं.

भूपाल उठला. पर्स खांद्याला लावून पायरीपाशी गेला आणि तिच्याच घाईने म्हणाला, "बरं, येते हं दादा."

त्रिशला भूमिकेत होती. ती स्क्रूकडे बघत गप्प राहिली.

भूपाल वळला. "हितं मी बोलतो," तो म्हणाला.

"काय?"

"'ये' म्हणतो."

"कधी रे?"

"दर टायमाला. तू गाडी चालू केलेली असतीस."

त्रिशलाने पदराचं टोक सोडलं. तिने विचारलं, "आईचे दिवस झाल्यावर मी निघाले, तेव्हा?"

"तवा दोनदा म्हटलं. रिक्षा लांब गेल्ती." त्याने हे काट्याचं वजन सांगावं तसं सांगितलं. मग त्याला वाटलं की प्रवेश नीट झालेला नाही. पर्स पुन्हा सावरून तो पायरीवर उभा राहिला. "परत कर," तो म्हणाला, आणि भूमिकेत शिरला. "येते हं दादा."

ते एका अक्षराचं वाक्य त्रिशलाला काही केल्या फुटेना. डोळे भरले, हातातला स्क्रू खाली पडला. बाहेर रस्त्यावर मालनबाई कुणाला तरी भाव सांगत होती. भूपालने घाई केली नाही, तिच्या वतीने काही बोलला नाही. तो पर्स घेऊन पायरीवर तसाच थांबून राहिला.